‘शटल’ आणि धोटा : शब्द कुठून आला, फलकावर काय लिहायचं?

कांडीभर_सूत (प्रश्न)

सोलापुरातल्या एका शाळेत कापड विणायच्या मागाविषयी छोटं प्रदर्शन आहे, त्याचे मराठी फलक करायचे आहेत. कच्च्या मजकुरात ‘शटल हा शब्द शट म्हणजे बंद करणे यावरून आला’ असं वाक्य आलंय. ते खरं आहे का? फ्लाइंग शटलला ‘उडता धोटा’ लिहायचं की पाठ्यपुस्तकातला ‘धावता धोटा’? आणि मुलं हमखास विचारणार : मागावरचं लाकूड, बॅडमिंटनचं फूल, विमानतळावरची बस आणि अंतराळात जाणारं यान, या सगळ्यांना एकच शब्द कसा? दोन-तीन ओळींत बसेल असं सांगा.

---

मुळाक्षर

वाक्य खोडा. ‘शट’पासून ‘शटल’ नाही. दोघे चुलतभाऊ आहेत, बापलेक नव्हेत.

जुन्या इंग्रजीत ‘स्क्युटेल’ असं लिहिलेला, साधारण ‘श्युटेल’ असा उच्चारला जाणारा शब्द होता. अर्थ : फेकून मारायचा भाला किंवा बाण. मूळ धातू फेकण्याचा, सोडण्याचा. आजचे ‘शूट’ आणि ‘शॉट’ त्याच घरातले. ‘शट’सुद्धा तिथलाच, कारण तेव्हा दार बंद करणं म्हणजे अडसर जोरात सारणं. म्हणजे तिथंही मुळात ढकलणंच आहे, बंद होणं नंतरचं.

मध्ययुगात विणकरांनी हा शब्द उचलला. ताण्याच्या (मागावर उभ्या ताणलेल्या) उघडलेल्या धाग्यांमधून या हाताकडून त्या हाताकडे भिरकावायचं टोकदार लाकूड बाणासारखंच दिसतं आणि जातंही तसंच. पण बाण परत येत नाही, धोटा येतो. इथं शब्दाचा अर्थ वळला. ‘फेकलेलं’ मागे पडून ‘ये-जा करणारं’ पुढे आलं. बाकीचे सगळे अर्थ या दुसऱ्या अर्थाची पोरं :

बॅडमिंटनचं शटलकॉक सोळाव्या शतकातलं. इकडून तिकडे टोलवलं जातं म्हणून शटल, पिसांमुळे कॉक, म्हणजे कोंबडा. (आजच्या नियमाचं फूल : 16 पिसं, वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम.) दोनच ठिकाणांमध्ये फेऱ्या मारणारी शटल गाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर 1974 मध्ये जेरुसलेम, कैरो, दमास्कस अशा चकरा मारत होते, त्या वाटाघाटींना ‘शटल डिप्लोमसी’ म्हटलं गेलं. आणि अंतराळातलं शटल, पहिलं उड्डाण 1981 आणि शेवटचं 2011, हे नाव एवढ्याचसाठी की यान परत येऊन पुन्हा वापरायचं होतं. एकदाच वर जाऊन संपणाऱ्या रॉकेटला कुणी शटल म्हणत नाही.

---

फणी_आणि_पिकर

फलकावर ‘धावता धोटा’च ठेवा. ‘उडता’ लिहिलंत तर सोलापूरच्या पूर्व भागातला कुठलाही लूमवाला हसेल. मागावर धोटा ‘उडाला’ म्हणजे अपघात.

इंग्लंडच्या जॉन के यानं 1733 मध्ये या धोट्याचं पेटंट घेतलं ते ‘चाकं लावलेलं शटल’ म्हणून. ‘फ्लाय’, ‘फ्लाइंग’ हे लोकांनी चिकटवलेलं. त्याआधी धोटा हातानं फेकायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा (रुंदी) हाताच्या पोचेइतकाच. रुंद कापडाला दोन माणसं लागत, एक या काठाला, एक त्या. के यानं, आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या पुढे पट्टी बसवली, दोन्ही टोकांना पेट्या, प्रत्येक पेटीत सरकणारा पिकर, आणि दोन्ही पिकरांना बांधलेली दोरी मधल्या मुठीला. मुठीला हिसका दिला की पिकर धोट्याला ठोसा मारतो आणि धोटा पट्टीवरून पलीकडच्या पेटीत. एकच माणूस, एक हात मोकळा.

मुलांना दाखवायचं तर धोटा उघडून दाखवा. दोन्ही टोकांना धातूची टोपी, मध्ये खाच, खाचेत जीभ, जिभेवर बाण्याच्या (आडव्या) सुताची कांडी, म्हणजे छोटी रीळ. कडेला बारीक छिद्र, त्यातून सूत बाहेर पडतं. कांडी संपली की नवी घालून सूत त्या छिद्रातून काढायचं. परदेशी गिरण्यांत कामगार तोंड लावून ओढून काढत. धूळ छातीत आणि एकाचा रोग दुसऱ्याला, म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1911 मध्ये यावर बंदी घातली.

आता बिघाड. ठोसा कमी पडला तर धोटा वाटेतच अडकतो. त्याच्यावर फणी येऊन आदळते आणि ताण्याचे शेकडो धागे एका दणक्यात तुटतात. जोडायला अख्खा दिवस. कारणं ठरलेली : पिकर झिजलेला, पट्टा सैल किंवा तेलकट, नाहीतर ताण्याचं तोंड उघडण्याची वेळ चुकलेली. ठोसा जास्त झाला तर धोटा पेटीत आपटून मागे येतो, कांडीवरचे वेढे घसरतात आणि कापडात गुंता दिसतो. आणि ताण्याचे चार धागे ढिले पडून लोंबत असले की धोटा त्यावर चढतो, पट्टी सोडतो आणि बाहेर. धातूच्या टोकाचं लाकूड त्या वेगानं माणसाला लागलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पुढे आडवा गज लावतात. तो काढून काम करणं हा शुद्ध मूर्खपणा.

---

कांडीभर_सूत

भारी. पण हल्ली टॉवेल रेपियर मागावर निघतात. त्यात शटल कुठंय?

---

फणी_आणि_पिकर

नाहीच. तिथं दोन पट्ट्या दोन बाजूंनी आत येतात. एक सूत धरून मध्यापर्यंत आणते, दुसरी तिथून पकडून पलीकडे नेते. किनार बघून ओळखता येतं. धोट्याच्या कापडात बाणा वळून परत येतो, म्हणून काठ बंद आणि गुळगुळीत. रेपियरवर प्रत्येक फेरीचा धागा कापला जातो, काठाला झालर राहते, ती वेगळी बांधून किंवा आत दुमडून घ्यावी लागते. प्रदर्शनात एक जुन्या लूमची चादर आणि एक रेपियरचा टॉवेल शेजारी ठेवा, मुलांना बोट फिरवू द्या.

---

मुळाक्षर

आणि रेपियर म्हणजे युरोपातली लांब, सरळ, भोसकायची तलवार! त्याखेरीज ‘प्रोजेक्टाइल लूम’ आहे, म्हणजे चक्क फेकायचं अस्त्र. बाण गेला, तलवार आली, पुन्हा अस्त्र. विणकर बिचारे शांत लोक, पण नावं सगळी रणांगणातली. सूत नेणाऱ्या त्या प्रोजेक्टाइलचं वजन साधारण 40 ग्रॅम. ते एकाच दिशेनं जातं आणि खालच्या साखळीवरून परत आणलं जातं, त्यामुळे शटल म्हणता येत नाही.

---

नदीकाठ

फक्त इंग्रजीकडे बघू नका. फ्रेंचांनी वेगाऐवजी आकार पाहिला. त्यांच्याकडे धोट्याला ‘नावेत’ (navette), म्हणजे छोटी नाव. जर्मन शब्दही ‘छोटं जहाज’ असाच. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये विमानतळाच्या बसलाही ‘नावेत’च म्हणतात. दोन भाषा वेगळ्या दारांनी निघून त्याच बसथांब्यावर आल्या.

आपल्याकडे ऋग्वेदात (10.130) यज्ञ विणण्याचं रूपक आहे, तिथं सामांना (गायच्या मंत्रांना) ‘तसर’ म्हणजे धोटे केलंय. टसर रेशमाचं नाव याच शब्दाशी जोडतात. आणि सोलापुरात फलक लावताय तर धोट्याचा तेलुगू शब्द ‘नाडे’ विसरू नका. निम्म्या मुलांच्या घरी तोच शब्द असेल.

---

कांडीभर_सूत

‘नाडे’ घेतलाच. शेवटची शंका : शिलाई मशीनवाले ज्याला शटल म्हणतात ते ये-जा कुठं करतं? गोल फिरतं ना?

---

फणी_आणि_पिकर

घरगुती काळ्या मशीनमध्ये पूर्ण फिरत नाही. अर्धवट फिरून परत येतं, म्हणून नाव बरोबरच. त्याहून जुन्या मशीनमध्ये तर होडीच्या आकाराचं लांबट शटल पुढे-मागे सरकायचं, धोट्याचं पिल्लूच. प्रदर्शनात उघडून दाखवणार असाल तर : सुई सगळ्यात वर आणा, बॉबिन केस काढा, दोन्ही खिट्ट्या बाहेर वळवा, कडं काढा, शटल मधल्या खिळीला धरून ओढा. लावताना आतला अर्धचंद्र डावीकडे, शटलचा उजवीकडे. उलटं बसवलं तर कडं बसणारच नाही, ठोकू नका.