'ब्लुई' या कार्टून मालिकेनं तुमच्या घरात काय बदललं? अनुभव सांगा

ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया (सुरुवात मीच करते)

आम्ही इथे आलो २०१९ मध्ये. लेक सात महिन्यांची होती. नवरा सकाळी सातला बाहेर पडला की घरात मी आणि ती. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रांगते का गं?" मग काही महिन्यांनी, "अजून पाऊल टाकत नाही? तू तर दहाव्या महिन्यात घरभर फिरत होतीस." आईच्या मनात काही नसायचं, माझ्या डोक्यात मात्र ते रात्रीपर्यंत घोळत राहायचं. जवळच्या वाचनालयात बाळांना घेऊन आया जमायच्या. तिथली बाळं एकेक करून उभी राहायला लागली तसं मी तिथे जाणंच सोडलं.

पुढे लेक दोन-अडीच वर्षांची झाल्यावर 'बेबी रेस' हा भाग लागला. ब्लुईची आई चिली मुलींना जुनी गोष्ट सांगत असते. आयांच्या गटातली बाकीची बाळं पुढे गेलेली, ब्लुईचं चालणं काही सुरू होत नाही, आणि चिली त्या गटात जाणं बंद करते. मग नऊ मुलांची आई असलेली बेला तिच्या घरी येते आणि म्हणते, तू छान करते आहेस. बस, एवढंच. मी भांडी पुसत होते. हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि खाली बसून रडले. मला तेव्हा हे कोणीच म्हटलं नव्हतं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ब्लुई म्हणजे सहा-सात वर्षांचं निळ्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू, जात ब्लू हीलर, म्हणजे ऑस्ट्रेलियात गुरं राखणारी. धाकटी बहीण बिंगो. बाबा बँडिट पुरातत्त्वज्ञ, आई चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीत. जो ब्रम यांनी ही मालिका निर्माण केली, त्यांनाही दोन मुली. ती इथेच, ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत तयार होते. १ ऑक्टोबर २०१८ ला इथल्या एबीसी किड्स या वाहिनीवर सुरू झाली. एक भाग साधारण सात मिनिटांचा. डोंगरावरचं लाकडी घर, मोठा व्हरांडा, कडक ऊन हे सगळं आमच्या खिडकीतून दिसतं तसंच असतं. लेकीला ते तिचंच गाव वाटतं. मलाही ब्रिस्बेन आपलं वाटायला लागलं ते तिच्या शेजारी बसून ही मालिका पाहताना.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. छोटं असलं तरी चालेल.

मेलबर्न, साडेचार वर्षांच्या मुलाचा बाबा

माझे वडील मिरजेला शाळेत शिक्षक होते. आमच्यासाठी फार राबले. पण ते माझ्याशी खेळताहेत असं एकही चित्र माझ्या डोळ्यांसमोर नाही. त्यांच्या सायकलची घंटा ऐकली की आम्ही भावंडं पुस्तक उघडून बसायचो.

मीही वेगळा नव्हतो. कामावरून आलो की सोफा आणि फोन. एकदा मुलगा 'हॉस्पिटल' बघत होता. बँडिट पेशंट होऊन पडलेला, ब्लुई डॉक्टर, बिंगो नर्स, आणि एक्स-रेमध्ये बाबाच्या पोटात मांजर निघतं. मुलानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाबा, तुझ्या पोटात काय आहे?" मी म्हटलं, "काय माहीत." तो म्हणाला, "मग झोप. बघावं लागेल." झोपलो. त्या संध्याकाळी माझ्या पोटातून एक रिक्षा, तीन वडापाव आणि आजोबांची छत्री निघाली. छत्री काढायला वेळ लागला, ती आत उघडली होती म्हणे.

तेव्हापासून जेवणाआधी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत असतो. रोज जमतंच असं नाही. बायको म्हणते, बँडिटसारखा कायम जमिनीवर लोळणारा बाप खऱ्या घरात कुठून आणायचा, आणि तिचं खरं आहे. पण बँडिटही दमतो, टाळाटाळ करतो, कधी कधी खेळाच्या नावाखाली नुसता पडून राहायला बघतो. ते पाहून मला धीर येतो.

गेल्या डिसेंबरात वडील इकडे आले. वय ७१. नातवानं त्यांना सांगितलं, "आजोबा, झोप." मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि गालिच्यावर आडवे झाले. त्यानं त्यांच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि जाहीर केलं, "घड्याळ आहे." वडील म्हणाले, "सावकाश काढा हो डॉक्टर, आमच्या वडिलांचं आहे ते." माझ्या आजोबांचं असं काही घड्याळ होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

औंध, पुणे

आमच्या घरी दोन भाग, म्हणजे चौदा मिनिटं, आणि मग टीव्ही बंद. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, तीही कमी तितकी बरी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. सुरुवातीचे आठ दिवस रडारड झाली. आता लेक स्वतःच रिमोट आणून देते, कारण पुढे त्यातलाच खेळ खेळायचा असतो. फुगा खाली पडू द्यायचा नाही हा सध्याचा आवडता खेळ.

नाशिक, सध्या मुक्काम सिडनी

मी आजी. टाइप करायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

नातू पाच वर्षांचा. त्याला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. मला ते भराभर इंग्रजी कळत नाही. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. मला फार वाईट वाटायचं. सहा महिन्यांसाठी एवढ्या लांब आले ती कशासाठी?

मग त्यानं मला ब्लुईचा एक भाग दाखवला. त्यात त्या दोघी बहिणी शाली पांघरून म्हाताऱ्या होतात, रीटा आणि जॅनेट. कमरेत वाकून चालतात, सगळीकडे गोंधळ घालतात. मला शब्द कळले नाहीत, पण सगळं कळलं. मी उठले, कपाटातून माझी सुती साडी काढली, त्याला गुंडाळली, डोक्यावर पदर दिला आणि म्हटलं, "या गोदाक्का, बसा." तो बघतच राहिला. मी झाले भागाक्का.

गोदाक्काला इंग्रजी येत नाही, हा नियम मीच केला. तो लगेच मान्य! मग गोदाक्का बाजारात जाते, मेथीची जुडी महाग म्हणून भांडते, "गुडघे धरलेत गं बाई" म्हणत जिना चढते. हे सगळं मराठीत. शब्द अडला की माझ्या कानात इंग्रजीत विचारतो आणि पुन्हा पदर सावरून मोठ्यानं मराठीत बोलतो. काल त्यानं मला विचारलं, "भागाक्का, तुमचं माहेर कुठलं?" हा शब्द त्यानं कुठे ऐकला कुणास ठाऊक. मी म्हटलं, "सिन्नर." तो म्हणाला, "माझं पण."

कोल्हापूर

माझं मत थोडं वेगळं आहे. मालिका चांगली आहे, वाद नाही. पण माझा मुलगा न्याहारीला 'ब्रेकी' आणि संडासला 'डनी' म्हणतो. त्याच्या आजोबांना तो काय म्हणतोय ते कळत नाही. या वयाच्या मुलांसाठी मराठीत इतक्या निगुतीनं केलेली, आपल्या घरातली, आपल्या अंगणातली कार्टून मालिका मी मनापासून शोधली, मला सापडली नाही. ब्रिस्बेनच्या लोकांनी त्यांचं गाव त्यांच्या मुलांना दाखवलं. आपल्या मुलांनी पंचगंगेचा घाट असा कधी बघायचा? वरच्या आजींचं वाचून मात्र आज संध्याकाळी साडी काढणार आहे.

दादर

'क्रिकेट' हा भाग बघाच. रस्टी नावाचं पोर एकटं बॅटिंग करत राहतं आणि सगळे बाप मिळूनही त्याला आउट करू शकत नाहीत. त्याचे बाबा सैन्यात, घरापासून लांब. त्यांनी पत्रात त्याला धाकट्या बहिणीकडे लक्ष दे म्हणून सांगितलेलं असतं. शेवटी तो मुद्दाम तिच्या हातात सोपा कॅच देतो. आमच्या गल्लीत लिंबू-टिंबूला आउट द्यायचं नाही हा नियम होता. पण स्वतःची विकेट त्याला देऊन टाकणं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. माझा सात वर्षांचा मुलगा हे बघून गप्प झाला. रविवारी खाली खेळताना त्यानं बहिणीला कॅच दिला. तिनं तो सोडला. त्यानं पुन्हा दिला.

नागपूर

मार्चमध्ये माझे सासरे गेले. लेक चार वर्षांची. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, आजोबा बाप्पाकडे गेले म्हण. मी तसं म्हटलं. ती रोज विचारायची, "परत कधी येणार?" आणि मी विषय बदलायचे.

'कॉपीकॅट' या भागात ब्लुईला एक जखमी बजरीगर, म्हणजे छोटा पोपट, सापडतो. बाबा आणि ती त्याला डॉक्टरांकडे नेतात, पण तो वाचत नाही. घरी आल्यावर ब्लुई आईबरोबर सगळा प्रसंग पुन्हा खेळते. मला वाटलं, खेळात तरी पक्षी उडून जाईल. नाही जात. खेळातही तो मरतो.

लेकीनं तो भाग तीनदा लावायला सांगितला. मग म्हणाली, आपण दवाखाना खेळू. कापसाचा ससा झाला आजोबा, ती झाली डॉक्टर, मी आजी. तिनं सशाची छाती तपासली, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि मला म्हणाली, "आजी, हे आता नाही उठणार." मी काहीच बोलू शकले नाही. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या, आमच्याजवळ खाली बसल्या आणि सशावर त्यांचा रुमाल पांघरला. लेक त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. तिनं विचारलं, "तू रडलीस का?" त्या म्हणाल्या, "हो, खूप." इतके दिवस त्या तिच्यासमोर रडल्या नव्हत्या.