रनिंग कमी की निगा चांगली? जुनी फॅमिली कार घेताना कशावर भर द्यावा?

जुनी_चावी

ताईला गाडी घ्यायची आहे. घरात ती, दाजी, सात वर्षांचा भाचा, दीड वर्षाची भाची आणि ताईच्या सासूबाई. नवी गाडी बजेटात बसत नाही, म्हणून सेकंड हँड. महिनाभर हिंडून आता दोनच गाड्या उरल्यात.

पहिली नऊ वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल, रनिंग ३८,००० किमी. दुसरी सहा वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक, रनिंग १,४०,००० किमी. दोन्हींचा आतापर्यंत एकेकच मालक.

घरचे सगळे पहिलीच्या बाजूने आहेत. "अडतीस हजार म्हणजे गाडी अजून नवीच की" हे वाक्य आठवडाभर ऐकतोय. मला मात्र दुसरी पसंत आहे. का ते लिहितो, आणि चुकत असेन तर स्पष्ट सांगा, कारण या गाडीत माझी भाचरं बसणार आहेत.

नऊ वर्षांत ३८,००० म्हणजे दिवसाला जेमतेम बारा किलोमीटर. एवढ्या चालीत इंजिन धड तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते, बॅटरी पुरती चार्ज होत नाही, सायलेन्सर आतून गंजतो. मी ऑइलचं झाकण उघडून बघितलं, तर आतल्या बाजूला फिकट पिवळी, सायीसारखा चिकट थर धरलेला. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पाइप दाबला तर लाकडासारखा कडक. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण टायरच्या बाजूला जो चार आकडी नंबर असतो (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष) तो गाडीच्याच वयाचा निघाला. वाकून पाहिलं तर खाचांमध्ये केसासारख्या बारीक भेगा. मालक मात्र "टायर नव्यासारखे आहेत" म्हणून सांगत होते.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा? "एक लाख झाले की बदलायचा, अजून खूप अवकाश आहे," असं त्यांचं म्हणणं. बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते, जे आधी भरेल ते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बहुतेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की उघडे व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं.

आता दुसरी. सहा वर्षांत १,४०,००० म्हणजे रोजचे चौसष्ट किलोमीटर, बहुतेक मोकळ्या रस्त्याचे. मालकाने फाईल समोर ठेवली. दर १०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, चारही टायर एकदम बदलल्याची बिलं, अलाइनमेंटचे कागद. डाव्या मागच्या दाराला रंग दिलाय हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं. सीटची कड दबलेली आहे, स्टीअरिंग हात लागून गुळगुळीत झालंय. १,४०,००० चाललेली गाडी जिथे झिजायला हवी तिथेच ती झिजली आहे.

माझं मत असं की गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली आणि कोणी सांभाळली ते बघावं. तुम्ही काय कराल?

पान्हा_दहाचा

वीस वर्षं गॅरेज चालवतोय. तुमचं निरीक्षण चांगलं आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

पहिल्या गाडीचे जे दोष सांगितलेत ते सगळे बदलता येण्यासारखे आहेत. टायर, पाइप, बेल्ट, बॅटरी, सगळी ऑइलं. दोन दिवसांचं काम. या खर्चाची यादी करा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. दुसऱ्या गाडीत जी झीज झालीय ती धातूची. व्हील बेअरिंग, शॉक अब्झॉर्बर, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटी. फाईल कितीही नीटनेटकी असली तरी झिजलेलं लोखंड परत येत नाही.

झाकणाखालच्या सायीबद्दल. ती बघून लोक घाबरतात आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं असं ठरवून मोकळे होतात. कमी चालणाऱ्या गाडीत बहुतेकदा ती नुसती साचलेली वाफ असते. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघा, त्यावरचं ऑइल स्वच्छ आहे का. कूलंटची पातळी कमी होते का. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का. या तिन्ही ठिकाणी काही नसेल तर ताजं ऑइल टाकून तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा, बराचसा थर जातो.

आणि आता माझा प्रश्न. त्या फाईलमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल आहे का?

चिमणीची_आई

तुम्ही दोघं इंजिनाबद्दल बोलताय. दीड वर्षाचं बाळ मागे बसणार आहे म्हणून मी वेगळं विचारते. दोन्ही गाड्यांत ईएससी आहे का?

म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. गाडी वळणावर घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ती सरळ ठेवते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सगळ्या नव्या कारना ती सक्तीची झाली. जिथे सक्ती नाही तिथे एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकारात असते आणि खालच्या प्रकारात नसते, म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र क्षणभर पेटून विझतं का ते बघा. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलं म्हणजे ईएससी असतंच असं नाही. बेल्ट, टायर, पाइप नंतर बदलता येतात. ईएससी नंतर बसवून मिळत नाही.

तसंच मागच्या सीटच्या फटीत बोटं घाला. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या हाताला लागल्या पाहिजेत, म्हणजे बाळाची सीट घट्ट बसते.

आणि एअरबॅग. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण वाचलं असेल. आतलं अमोनियम नायट्रेट दमट, उष्ण हवेत वर्षानुवर्षं बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. त्यात माणसं गेली, जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्या गाड्यांचं ते काम करून घेतलेलं नाही त्या अजून विकल्या जातात. चेसिस नंबर गाडीच्या कंपनीकडे देऊन कुठलं रिकॉल बाकी आहे का ते विचारा. फुकटात करून देतात. विक्रेत्याला विचारू नका, त्याला बहुधा माहीतच नसतं.

जुनी_चावी

@चिमणीची_आई, खरंच आभार. हे मी बघितलंच नव्हतं. आज दोन्हीकडे जाऊन आलो. पहिलीत एबीएस आहे, ईएससी नाही. दुसरीत दोन्ही आहेत. कड्या दोन्हीत आहेत, पहिलीत जरा आत दबलेल्या. रिकॉलचं उद्या विचारतो.

@पान्हा_दहाचा, फाईल परत चाळली. गिअरबॉक्स ऑइलचं एकही बिल नाही. मालक म्हणाले, पुस्तिकेत "आयुष्यभरासाठी भरलेलं" असं लिहिलंय. गिअरबॉक्स साधा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा), सहा गिअरचा आहे.

पान्हा_दहाचा

मला तीच शंका होती. "आयुष्यभर" म्हणजे कोणाचं आयुष्य, ते पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा आठ वर्षांत ऑइल बदला म्हणते. म्हणजे तुमच्या दुसऱ्या गाडीची मुदत उलटून गेली आहे. राखलेली गाडी म्हणून तुम्ही जी दाखवताय, तिच्यात सगळ्यात महागडी वस्तू राखायचीच राहून गेली.

टॉर्क कन्व्हर्टर आहे हे मात्र चांगलं. ड्राय डबल क्लच (ऑइलविना चालणाऱ्या दोन क्लचचा गिअरबॉक्स) असता आणि गर्दीत चाललेला असता तर मी सरळ नको म्हटलं असतं.

मीटरवाचक

तुम्ही सगळे ३८,००० आणि १,४०,००० हे आकडे खरे धरून भांडताय. आधी ते खरे आहेत का हे तपासा. डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागे घेता येतं आणि वरून काही कळत नाही.

स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावा. बऱ्याच गाड्यांत रनिंगचा आकडा मीटरशिवाय एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्येही नोंदलेला असतो. दोन जागी दोन आकडे दिसले की समजायचं.

माझ्या भावासाठी एक गाडी बघितली होती. चकचकीत, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. स्कॅनर लावला तर एरर, म्हणजे बिघाडाचे कोड, शून्य. मी निघालोच होतो, पण तिथेच खाली आणखी एक ओळ होती, कोड पुसल्यापासूनचं अंतर: १८ किमी. म्हणजे आम्ही यायच्या जरा आधी कोणीतरी सगळे कोड पुसले होते. गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दाखवत होत्या. विक्रेत्याला म्हटलं, आठवडाभर तुम्ही चालवा, मग परत स्कॅन करू. त्यांचा फोन आलाच नाही.

पहिल्या गाडीबाबत एक बोलतो. टायर गाडीच्याच वयाचे आहेत ही वाईट बातमी म्हणून तुम्ही सांगितलीत. ३८,००० हा आकडा खरा असल्याचा तो चांगला पुरावा आहे. गाडी लाखभर चालली असती तर पहिले टायर टिकले नसते. क्लचच्या पेडलचं रबर कसं आहे तेही बघा.

सावकाश_चला

मी पहिलीच्या बाजूने. आणि माझं कारण हिशेबाचं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी अशीच खूप चाललेली पण उत्तम राखलेली गाडी घेतली. फाईल होती, मालक सज्जन होते, खोटं काहीच नव्हतं. आठव्या महिन्यात रात्री अकरा वाजता वॉटर पंप गेला. मागे वडील बसलेले, बायपास होऊन जेमतेम महिना झालेला. काटा लालकडे जाताना मी बघत होतो आणि आसपास उजेड दिसत नव्हता. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. वडील एक शब्द बोलले नाहीत, मला धीर देत बसले. त्या दोन तासांनंतर माझं मत बदललं.

वॉटर पंप, अल्टरनेटर, पेट्रोल पंप, रेडिएटरचा पंखा. यांची बिलं फाईलमध्ये सहसा नसतात, कारण ते बंद पडेपर्यंत फारसं कोणी बदलत नाही. दीड लाख किलोमीटरच्या आसपास हे सगळे एकेक करून पाळी लावतात. तरुण माणूस एकटा असेल तर चालून जातं. घरात म्हातारं माणूस आणि तान्हं मूल असेल तर गाडीने रस्त्यात थांबू नये, बाकी सगळं नंतर.

चिमणीची_आई

@सावकाश_चला, वाचून पोटात कालवलं. पण गाडी बंद पडली तर आपण कडेला थांबतो, गाडी घसरली तर थांबणं आपल्या हातात नसतं. मी ईएससीवालीच घेईन, आणि तुम्ही सांगितलेले चारही भाग तपासून, लागले तर आधीच बदलून घेईन.

जुनी_चावी, सासूबाईंना गाडीत बसवून बघितलंत का?

जुनी_चावी

नाही हो. हे डोक्यातच आलं नाही.

@सावकाश_चला, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. राखलेली गाडी म्हणजे निर्धास्त गाडी असं मी धरून चाललो होतो. वॉटर पंपाचा विचार मनात आला नव्हता. पण पहिल्या गाडीतही पंप नऊ वर्षांचाच आहे ना? @पान्हा_दहाचा, पंपाला वय लागतं की किलोमीटर?

पान्हा_दहाचा

दोन्ही. सील वयाने कडक होतं, बेअरिंग चालून झिजतं. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्टसोबतच बदलायचा, खोलायची मजुरी एकदाच पडते. टायमिंग बेल्टऐवजी साखळीचं इंजिन असेल तर पंप बहुधा बाहेरच्या बेल्टवर असतो. त्याच्या खाली कूलंटचा वाळलेला पांढरा-गुलाबी डाग दिसतो का ते टॉर्च लावून बघा.

ईएससीचा मुद्दा चिमणीच्या आईंनी बरोबर मांडला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुसरीच घ्यायची असेल तर असं करा. मालकाला सांगून ठेवा की आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका. सकाळी गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका, साखळी सैल असेल तर तेव्हाच खडखडते. मागे एकाला उभं करा, निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. मग ब्रेक दाबून डीमध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाका, तिथून आरमध्ये (रिव्हर्सला). गिअर घ्यायला सेकंदाच्या वर वेळ लावला किंवा धक्का दिला तर किंमत विचारूसुद्धा नका. चालवताना ५० ते ७० च्या वेगात हलका पाय ठेवा. खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर कन्व्हर्टरचा क्लच थकलाय.

एवढ्यातून पार पडली तर तुमच्या खर्चाने गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून बघायची परवानगी मागा. तपकिरी असेल तर चालेल, काळं आणि करपल्याच्या वासाचं असेल तर सोडा. घेतल्यावर मशीन लावून सगळं एका दमात फ्लश करू नका. निथळेल तेवढं काढा, तेवढंच भरा, थोडं चालवून पुन्हा तेच करा.

सावकाश_चला

मी अजूनही ३८,००० वालीच घेतली असती. पण दुसरी घेतलीत तर निदान पहिले सहा महिने सासूबाईंना घेऊन रात्रीचा लांबचा प्रवास करू नका, एवढं माझं ऐका.

जुनी_चावी

ऐकलं. ताईलाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

दुसऱ्या गाडीच्या मालकांशी बोललो. रात्रभर गाडी चालू करणार नाही म्हणाले. ऑइल काढून बघायलाही तयार आहेत, फक्त त्यांच्या समोर काढा म्हणाले, ते रास्तच आहे. शनिवारी सकाळी सात वाजता स्कॅनर, टॉर्च आणि मेकॅनिक घेऊन जातोय. सोबत ताई, बाळाची सीट आणि सासूबाई. पहिल्या गाडीच्या मालकांना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय.