विमा कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही करावी का?

धागालेखक, चिपळूण : या पावसाळ्यात वाशिष्ठीचे पाणी रात्रीतून आमच्या आवारात शिरले आणि जागेवर उभी असलेली गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. दुरुस्तीच्या १,८४,००० रुपयांच्या अंदाजपत्रकापैकी विमा कंपनीने आसने, वायरिंग आणि साफसफाई यांपोटी ७१,५०० रुपये मंजूर केले; इंजिनाचा खर्च मात्र 'पाण्यात गाडी सुरू केल्याने झालेले नुकसान' असा शेरा मारून नाकारला. चावी त्या रात्री माडीवरच्या खुंटीला होती. आता 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर सही मागत आहेत. सही करणे म्हणजे तो शेरा मान्य करणे, म्हणून मी ती करणार नाही.

दापोलीकर : कंपनीचे चुकले असे मला वाटत नाही. साध्या पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात इंजिन सुरू केल्याने पुढे उद्भवणारे नुकसान येत नाही. त्यासाठीच इंजिन संरक्षणाचे वेगळे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे जोड-संरक्षण, असते. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिल्यावरही चिपळुणात राहून ते घेऊ नये, याला काय म्हणावे? शिवाय रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणापोटीची वजावट) कापला जातोच. पैसे घ्यावेत आणि मोकळे व्हावे.

गुहागरहून : ॲड-ऑनचा मुद्दा येथे गैरलागू आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन सुरू केले, तर पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. उभ्या गाडीत रॉड सरळ राहतात, ऑइल दुधाळ होते आणि सिलिंडरला गंज धरतो, म्हणजे ते थेट पुराचेच नुकसान. आपल्या गाडीचे रॉड कसे निघाले?

धागालेखक : सरळ. ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते आणि ऑइल चेंबरच्या तळाशी बोटभर गाळ होता. छायाचित्रे आहेत.

दापोलीकर : रॉडचे मान्य. पण इंजिन उघडताना सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, हजर नसेल, तर ती छायाचित्रे याच गाडीची कशावरून, असे कंपनी विचारणारच, आणि ते विचारणे चूक नाही.

धागालेखक : त्याला दोनदा फोन केला, दोन दिवस वाट पाहिली. गंज काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

गुहागरहून : मग त्या फोनची नोंद जपा आणि सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा. सहीबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकानुसार अशा पावतीवर सही केल्याने अधिक रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क जात नाही. 'हरकत राखून' असे लिहून पैसे घ्यावेत, कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि उत्तर पटले नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. तेथे शुल्क लागत नाही.

धागालेखक : ठीक, सही करतो. 'हरकत राखून' हे शब्द सहीच्या वर लिहावे लागतील. खाली जागाच सोडलेली नाही.