महर्षी कर्व्यांना पाहिलेलं कोणी आहे का तुमच्या घरात?

कोथरूडकर: आजी हिंगण्याच्या आश्रमात शिकलेली, ती कायम 'आमचे अण्णा' म्हणायची, मला लहानपणी वाटायचं तिचे सख्खे वडीलच असणार. १८५८ चा जन्म आणि १९६२ ला गेले, म्हणजे १०४ वर्षं! आजी नाहीये आता, म्हणून विचारतोय.

दापोलीची_लेक: पाहिलं नाही, पण आमचं गाव मुरूड, त्यांचंही तेच. परीक्षेसाठी हा पोरगा घाट चढून चालत साताऱ्याला गेला आणि तिथे वय लहान दिसतंय म्हणून बसूच दिलं नाही, हे आमच्याकडे शाळा बुडवणाऱ्यांना अजून ऐकवतात 😄

जुनापुणेकर: माझ्या आजोबांनी पाहिलेलं, लांबून. फर्ग्युसनला गणित शिकवून हिंगण्याला पायी जायचे, पावसाळ्यात त्या वाटेवर नुसता चिखल. १८९३ ला विधवेशी लग्न केलं तर गावाने वाळीत टाकलं, आणि १९५८ ला भारतरत्न, वर जिवंतपणी पोस्टाच्या तिकिटावर फोटो!

कोथरूडकर: ते तिकीट आहे की आजीच्या पत्र्याच्या डब्यात! पंधरा नये पैशांचं, एक कोपरा दुमडलेला. फोटो टाकतो रात्री.