भाडं थकलं तेव्हा कोण उपयोगी पडलं? अनुभव लिहा

रेवती_व
सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या एका भाडेकरूचा विषय चाललाय. चार महिन्यांचं भाडं थकलंय म्हणे. "सामान बाहेर काढा", "पाणी बंद करा, मग हलेल बरोबर". रोज गुड मॉर्निंगची फुलं टाकणारीच माणसं ही! पोळ्या लाटता लाटता मला आमचा नाना पेठेतला वाडा आठवला.

२००३-०४ ची गोष्ट. बाबा ज्या छापखान्यात होते तो बंद पडला. भाडं महिना तीनशे. आज हसू येईल, पण दीड वर्ष थकलं होतं आणि घरात माझ्या क्लासची फीसुद्धा उधारीवर. मालकाला वाडा बिल्डरला द्यायचाच होता, म्हणजे आमची थकबाकी त्याच्या पथ्यावरच पडली. आधी रजिस्टर नोटीस आली, मग कोर्टाचं समन्स. समोरच्या खोलीत पोस्टातले एक काका राहायचे. ते बाबांना म्हणाले, शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, वहिनींना नाही, आजींना घेऊन जा. कारण खोली आजीच्या नावावर होती आणि बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, पण पक्क्या. समन्स हातात पडल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरा, पुढचं भाडं दर महिन्याला न चुकता भरत राहा, थकबाकीच्या कारणावरून काढता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अर्धे पैसे आत्याने दिले, अर्धे पतपेढीतून. खोली राहिली. आजी मात्र शेवटपर्यंत कुरकुरायची, "त्या मेल्याला व्याजाचे सहाशे कशाला दिले?"

तुमचंही लिहा. नातेवाईक, नगरसेवक, मंडळ, कोर्ट, कोणीही. मी डबे भरून येते.

पक्या डोंबिवलीकर
आमचा मालक १ तारखेला दूधवाल्याच्या आधी दारात. आई म्हणायची घंटी वाजली की आधी पाय बघ, चप्पल असेल तर दूधवाला, बूट असेल तर मी घरात नाही 😄

शमा_नालासोपारा
लॉकडाऊन. नवऱ्याचं हॉटेलातलं काम गेलं. एप्रिल २०२० मध्ये सरकारने मालकांना सांगितलं ना की तीन महिने भाडं पुढे ढकला, कोणाला काढू नका, तो कागद मोबाइलवर दाखवला. मालक म्हणाला ताई ही सूचना आहे, कायदा नाही, माझा हप्ता कोण भरणार. तेही खरंच. शेवटी एजंटच मधे पडला, म्हणाला डिपॉझिटमधून दोन महिने कापा, उरलेलं दिवाळीनंतर. वहीच्या पानावर लिहून तिघांच्या सह्या. एरवी एजंट लोकांना शिव्या घालते मी, पण हा माणूस आमच्याकडे तांदूळपण देऊन गेला. बाकी नंतर लिहिते कुकर लागलाय

सुगरण_नाही_मी
@शमा एजंटने तांदूळ दिले?? आमच्या एजंटने घर दाखवायला नेलं तेव्हा रिक्षाचे पैसेसुद्धा मलाच द्यायला लावले.

वकीलीणबाई
रेवतीच्या आजीचं बरोबर झालं, पण कोणी घाईत वाचून घोटाळा करू नका. ती ९० दिवसांची सोय जुन्या भाडेकरूंना, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५. आजकाल तुम्ही जो ११ महिन्यांचा करार करता तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी. त्यात मुदत संपूनही राहिलात तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) जातो आणि दुप्पट दराने पैसे मागू शकतो. म्हणून करार संपायच्या आधीच बोला, आणि जे ठरेल ते लिहून घ्या, शमाताईंच्या वहीसारखं.

तरी दंडेली कोणालाच करता येत नाही. सामान रस्त्यावर फेकणं, कुलूप बदलणं हे मालकाचं काम नाही. भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला तर कलम २९ ने मनाईच आहे. ग्रुपवरच्या फुलवाल्यांना सांगा.

गिरणगावचा_नातू
आजोबा गिरणीत, १९८२ चा संप. १८ जानेवारीला सुरू झाला आणि महिनाभरात मिटेल असं चाळीतल्या सगळ्यांना वाटत होतं. भाडं वीस-बावीस रुपये असेल, तेही थकलं. मेहता, म्हणजे मालकाचा भाडं गोळा करणारा माणूस, यायचा वही घेऊन, मजल्यावरून हाका मारत. आजी सांगते, आमच्या गाळ्यात कोणालाही काढलं नाही कारण काढणार तरी किती जणांना, अख्ख्या चाळीचंच थकलेलं. खानावळवालीचंसुद्धा. तिच्याकडे आजोबांच्या गावचे सात-आठ जण जेवायचे, पैसे नाहीत तरी जेवायचे, तिने मग गळ्यातलं गहाण टाकलं. आजोबा गावाला जाऊन भातशेती करून परत आले आणि मेहत्याला पैशांऐवजी तांदळाचं पोतं. त्याने घेतलं!! पावतीवर काय लिहिलं देव जाणे.

खोली आता टॉवरमध्ये गेली, तो वेगळा धागा होईल.

पक्या डोंबिवलीकर
इथे सगळीकडे तांदूळच का वाटतायत

काकू_कोथरूड
मी दुसऱ्या बाजूची. हे गेल्यावर मला पेन्शन नाही, एक वन बीएचके भाड्याने दिलाय त्यावर औषधं आणि दळण. मुलगा चांगला होता, पण नोकरी गेली आणि फोन उचलेना. मला राग थकलेल्या पैशांचा नव्हता, फोन न उचलण्याचा होता. नगरसेवकाच्या ऑफिसातल्या पोराने त्याला समोर बसवलं. मुलीची दहावी होती, मीच म्हटलं परीक्षा होईपर्यंत राहा, निम्मं दे. गेला तेव्हा सगळं चुकतं करून गेला, पंखा पण नवीन लावून गेला. अजून दसऱ्याला मेसेज येतो. तर मालक म्हणजे राक्षस असं नका लिहू गं.

रेवती_व
काकू, नाही लिहीत. 🙏 आले डबे भरून. शमा, कुकर झाला का?

एडिसनवाला
इथे न्यू जर्सीत ले-ऑफ झाला, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होतो, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा, आणि वर भाडं. २११ ला फोन केला, तो इथला मदतीचा नंबर, पत्त्यावरून जवळच्या संस्था सांगतात. पहिलीने व्हिसा ऐकून हात जोडले, दुसऱ्या एका चर्चने एक महिना भरला. चर्चने! मी रोज रामरक्षा म्हणणारा माणूस. उरलेलं मंडळातल्या मित्रांनी, त्यातल्या एकाने अजून परत घेतलेलं नाही. लीजिंग ऑफिस रोज ईमेल पाठवत होतं, पण इथे कोर्टाच्या निकालाशिवाय बाहेर काढता येत नाही हे कळल्यावर रात्री झोप लागली.

सुगरण_नाही_मी
बचत गटाचं कोणी लिहिलं नाही. आमच्या इस्लामपूरच्या गटाने शेकडा दोनने दिले, सावकार पाच मागत होता. अध्यक्षीणबाई हप्ता घ्यायला यायच्या आणि चहा पिऊन माझ्या सासूशी भांडून जायच्या.

नवीन_सदस्य_७
नमस्कार. वाचतेय फक्त. नाशिकला आहे, दोन महिन्यांचं थकलंय, करार ऑक्टोबरला संपतोय. ते विधी सेवा वाले नोटीस यायच्या आधी भेटतात का? जायला पैसे लागतात का? मालकाने पावती कधीच दिली नाही.

वकीलीणबाई
भेटतात, नोटिशीची वाट बघू नका. जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा. तुम्ही बाई आहात, त्यामुळे उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना सहसा ती असते, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. आधार, करार, मालकाचे मेसेज घेऊन जा. पावती नाही म्हणालात, भाडं कसं देत होतात?

नवीन_सदस्य_७
गुगल पे. स्क्रीनशॉट आहेत, थोडे डिलीट झाले.

वकीलीणबाई
स्क्रीनशॉट राहू द्या, बँकेत जाऊन स्टेटमेंट काढा, शिक्क्यासकट. आणि मालकाला आज एक मेसेज टाका: इतकं थकलंय, इतकं अमुक तारखेला देते. देता येईल तेवढीच रक्कम लिहा.

शमा_नालासोपारा
कुकर झाला. नाशिकवाल्या ताई, सातपूर की पंचवटी? माझी नणंद असते पंचवटीत, ती येईल सोबत कोर्टात, तिला तसंही घरातून निघायला कारण हवं असतं.