भीमाला रांगायला लावून पोरांचं काय भलं झालं?

मंगळवारपेठी
परवा आपल्या गल्लीच्या ग्रुपवर एकानं पोस्ट टाकली. सार इतकंच, की जुन्या कार्टूनमधली पात्रं लहान, तान्ही करून नवी मालिका काढली की मोठ्यांच्याच पोटात दुखतं. पोरं खूश आहेत, बाकीच्यांनी तोंड घालू नये. खाली भराभर अंगठे. तिथंच उत्तर लिहायला घेतलं, मावेना, म्हणून हा धागा.

ही खोड आजची नाही. मपेट्स या अमेरिकन बाहुल्यांच्या १९८४ च्या सिनेमात एका प्रसंगात ती सगळी बाहुले मंडळी तान्ही दाखवली होती. लोकांना तेवढा तुकडा आवडला आणि त्याच वर्षी 'मपेट बेबीज' ही मालिका आली, १९९१ पर्यंत चालली. ती चालली म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापली जुनी पात्रं बाहेर काढली. १९८६ ला 'फ्लिंटस्टोन किड्स', १९८८ ला स्कूबी-डू कुत्र्याला पिल्लू करून काढलेली मालिका, १९९० ला 'टॉम अँड जेरी किड्स', २००२ ला 'बेबी लूनी ट्यून्स'. आपल्याकडं २०१८ ला 'लिटल सिंघम', २०१९ ला 'गोलमाल ज्युनिअर' आणि त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर 'माइटी लिटल भीम'. छोटा भीम तर मुळातच छोटा की ओ! २००८ पासून पोगोवर ते नऊ वर्षांचं पोरगं लाडू खाऊन भल्याभल्यांना लोळवतंय. त्यालाही रांगायला लावलं.

आता माझं म्हणणं. लहान पोराला स्वतःएवढं पोर बघायचं नसतं, त्याला मोठं व्हायचं असतं. गंगावेश तालमीत सकाळी जाऊन उभं राहा. आखाड्यातलं सात-आठ वर्षांचं पोरगं बरोबरीच्या पोराकडं ढुंकूनही बघत नाही, त्याची नजर मोठ्या पैलवानाच्या दंडावर असते. टॉम मोठा बोका होता. १९४० च्या पहिल्याच भागात, तेव्हा त्याचं नाव टॉमसुद्धा नव्हतं, घर सांभाळणारी बाई त्याला दम देते की आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर. सगळी धावपळ त्या भीतीपोटी. पोरांना ही भीती बरोबर कळते, कारण त्यांनाही घरात असाच दम मिळतो. तान्ह्या टॉमला कोण घराबाहेर काढणार?

'बेबी लूनी ट्यून्स'मध्ये तर सिल्व्हेस्टर बोका आणि ट्वीटी एकाच घरात, एकाच आजीच्या देखरेखीखाली, भावंडांसारखे वाढतात. मांजर पक्ष्याच्या मागं लागलेलं आहे, एवढीच तर त्यांची गोष्ट होती. ती काढून घेतल्यावर काय उरलं? खेळणं वाटून घ्यावं, खोटं बोलू नये. ते आम्ही घरी शिकवतो.

दोन पोरांची आई
दादा, तुमचं तालमीचं पटलं, पण माझा धाकटा अडीच वर्षांचा हाय. तो कुठल्या तालमीत जाणार? मी सकाळी आठला घर सोडतो, साडेसहाला येतो. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या पोराच्या मागं पळू शकत न्हाईत. अर्धा तास टीव्ही लागतोच आमच्यात, खोटं कशाला सांगू?

त्याला जुनं टॉम अँड जेरी लावून दिलं होतं. शेपटीवर इस्त्री पडली की हा किंचाळून रडायचा. त्याला वाटायचं मांजर खरंच मेलं. तोच पोरगा लिटल भीम लागला की टाळ्या वाजवतो, हसतो, लाडू दे म्हणून मला ओढत स्वयंपाकघरात नेतो. नुसता गप्प बसत न्हाई. तुम्ही म्हणता तसं मोठ्याकडं बघायचं वय सात-आठ. त्याच्या आधीच्या पोरांनी काय बघायचं ते पण लिवा.

मंगळवारपेठी
ताई, अडीच वर्षांच्या पोराला टीव्हीच कशाला, असं म्हणणार होतो. तुमची अडचण वाचली, म्हणून म्हणत नाही.

दोन पोरांची आई
म्हणालात की मग! न्हाई म्हणत म्हणत म्हणालात.

ड्रॉइंग मास्तर
मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे. मोठं डोकं, मोठे डोळे, फुगलेले गाल, आखूड हातपाय. असं काहीही समोर आलं की माणूस विरघळतो. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञानं हे १९४३ मध्येच मांडलं होतं. पुढं स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये मिकी माऊसवर निबंध लिहिला. १९२८ चा मिकी काटकुळा आणि खोडकर होता. वर्षं गेली तसं त्याचं डोकं मोठं होत गेलं, डोळे मोठे होत गेले आणि वागणं सज्जन होत गेलं. म्हणजे वेगळी 'बेबी' मालिका न काढताही पात्र लहान करता येतं. हे सगळे लोक तेच करतात, फक्त एका फटक्यात.

परिणाम माझ्या वर्गात दिसतो. 'म्हातारा काढा' म्हटलं तरी पोरं फुग्यासारखं डोकं काढतात. सुरकुती काढायला हात वळत नाही. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा बनवला, त्या गावात पोरांना माणसाचं हाड दिसेनासं व्हावं याचं मला वाईट वाटतं.

पण मंगळवारपेठी, सरसकट बोलू नका. १९८८ चं स्कूबीचं पिल्लू फार ताकदीनं केलेलं काम आहे. डोळे खोबणीतून बाहेर येतात, पात्रं हवेत ताणली जातात, आणि मूळ मालिकेची चोर शोधायची रीतच ते खेळायला घेतात. त्यातला फ्रेड नावाचा पोरगा दर भागात त्याच एका दांडगट पोरावर आळ घेतो. लहान केलं म्हणून ते वाईट झालं नाही, त्यांच्याकडं सांगायला काहीतरी होतं म्हणून चांगलं झालं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
लहान काय, मोठं काय, ते राहू द्या बाजूला. लिटल सिंघम कुठल्या भाषेत बोलतोय ते बघितलंय का कुणी? बाजीराव सिंघम! नाव मराठी, अंगावर पोलिसाची वर्दी आणि पोरगं बोलतंय हिंदी. माझी भाची कागलात राहते. परवा आजीला म्हणाली, 'दादी, मुझे नींद आ रही है'. आजी जन्मात कागल सोडून कुठं गेली न्हाई. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. सांगा आता, मी काय सांगू तिला?

माझी मावशी हुबळीत असते. तिची नातवंडं कन्नडमध्ये कार्टून बघत मोठी झाली. सन नेटवर्कनं २००७ ला तमिळसाठी चुट्टी टीव्ही काढला, मग तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू, मल्याळममध्ये कोचू. आणि आपण? एवढं मोठं राज्य, मुंबई आपली, सिनेमा कोल्हापुरानं वाढवला, १९२९ ला प्रभात हितं सुरू झाली, आणि आमची पोरं आजीशी हिंदी बोलायलाईत.

कळंबा टू बेंगळुरू
भावा, रडणं बरोबर आहे पण पत्ता चुकलाय. ईटीव्हीनं २०२१ मध्ये बालभारत काढलं, त्यात मराठी आहे. तुझ्या भाचीच्या घरात ते कधी लावलं होतं का? आधी विचार, मग बोल. तमिळ माणूस तमिळ लावतो म्हणून तमिळ चॅनेल चालतं. आपण रिमोट हातात घेतला की हिंदीवर जातो.

आणि आपण स्वतः काय केलं? रविवारी दूरदर्शनवर डकटेल्स आणि टेलस्पिन हिंदीतच बघितलं ना? त्यानं आपलं मराठी गेलं का?

शाहूपुरी तिसरी गल्ली
रविवारचा एक तास आणि दिवसभर चालणारं चॅनेल एकच का? तेव्हा टीव्ही बंद झाला की आपण गल्लीत जायचो, गल्लीत मराठी होती. आता गल्लीत पोरगंच न्हाई. आणि तू बेंगळुरूत बसून आम्हाला रिमोट शिकवू नको. तुझी पोरं घरात कुठली भाषा बोलतात ते लिही की जरा.

कळंबा टू बेंगळुरू
माझ्या पोरांवर येऊ नकोस. मुलगी शाळेत इंग्रजी, खाली खेळताना कन्नड आणि घरात मराठी बोलते, कारण मी आणि बायको रोज तिच्याशी मराठीत बोलतो. रोज. कंटाळा आला तरी. तुझ्या ताईला आणि दाजींना हे जमत नसेल तर त्यात सिंघमचा काय दोष?

शाहूपुरी तिसरी गल्ली
ताई-दाजी दोघं एमआयडीसीत शिफ्टला जातात. सगळ्यांना घरात बसून लॅपटॉपवर काम करायला मिळत न्हाई. तोंड सांभाळून बोल.

मंगळवारपेठी
अरे बाबांनो, धागा कशावर आहे! भाषेवर निराळा काढा, मी पण येतो भांडायला.

दोन पोरांची आई
मी एक सांगू का? 'माइटी लिटल भीम'मध्ये कुणी बोलतच न्हाई. संवाद न्हाईत. आवाज, हसणं, गाणं, एवढंच. मग तिसऱ्या गल्लीवाल्या दादांना त्याचा तरी त्रास नको. ज्याला तुम्ही सगळे नावं ठेवायलाय, तेवढ्या एकानंच माझ्या पोराला हिंदी शिकवलं न्हाई. हैदराबादच्या ज्या कंपनीनं छोटा भीम काढला तिनंच हा पण काढलाय, कुणी परक्यानं येऊन नासवलेला न्हाई. टॉम अँड जेरी किड्सपण मूळ हॅना-बार्बेराच्याच स्टुडिओचं.

शाहूपुरी तिसरी गल्ली
ताई, तेवढं मान्य करतो, नाइलाजानं. पण हिंदी नसली म्हणजे मराठी आली असं न्हाई. पोरगं मुकं बघायलाय.

जोतिबा डोंगर
मी वयानं मोठा आहे, कार्टूनचं फारसं कळत नाही. पण देवाला लहान रूपात बघणं आपल्याकडं किती जुनं आहे! बाळकृष्णाचा पाळणा घरोघरी म्हणतात. लोणी चोरणारा कृष्ण सगळ्यांना आवडतो. २००७ ला 'बाल गणेश' आला तेव्हा मी नातवाला घेऊन बघितला, दोघंही रमलो. मग त्या परदेशी बोक्याला लहान केलं तर एवढा राग का?

मंगळवारपेठी
काका, तुमच्याशी वाद घालायचा नाही, पण फरक सांगतो. कृष्ण लोणी चोरतो आणि मग मथुरेला जातो, कंसाला मारतो, पुढं अर्जुनाचा सारथी होतो. गोकुळ सोडावं लागतं म्हणून गोकुळ एवढं गोड वाटतं. कार्टूनमधला बाळ कधी मोठाच होत नाही. त्याच्यापुढं मथुरा नाही.

दुसरं म्हणजे, लहानपण दाखवायच्या नादात सगळ्यांना एकाच अंगणात आणून बसवतात. मूळ 'फ्लिंटस्टोन्स' मालिकेत फ्रेड आणि विल्मा हे नवरा-बायको मोठेपणी भेटतात. 'फ्लिंटस्टोन किड्स'मध्ये ती लहानपणापासूनची दोस्त. मपेट्सच्या १९७९ च्या सिनेमात कर्मिट बेडूक दलदलीतनं निघतो आणि वाटेत एकेक भेटत जातो. तो सगळा प्रवास भेटींचाच आहे. 'मपेट बेबीज'मध्ये सगळे एका पाळणाघरात. अनोळखी माणूस मित्र होतो, ही पोरांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे! पहिल्या दिवशी शाळेत सोडताना रडणाऱ्या पोराला नेमकी हीच गोष्ट हवी असते. ती आपण पुसून टाकली.

ड्रॉइंग मास्तर
हा मुद्दा मात्र बिनतोड. तरी त्याच 'मपेट बेबीज'ची बाजू घेतो. त्यात ती पोरं पाळणाघरात बसून कल्पनेनं कुठं कुठं जातात, आणि मध्येच जुन्या सिनेमांचे खरे तुकडे लागतात. कपाटाचं दार उघडलं की पलीकडं अंतराळ! सांभाळणाऱ्या बाईंचं तोंड कधी दिसत नाही, फक्त हिरवे-पांढरे पट्ट्यांचे मोजे. पोराच्या उंचीवरून जग असंच दिसतं. ज्यानं हे सुचवलं त्याला लहान मूल कळलं होतं. बाकीच्यांनी नुसता आकार उचलला.

कळंबा टू बेंगळुरू
माझं म्हणाल तर टेलस्पिन बघा. 'जंगल बुक'मधला आळशी बालू अस्वल उचलला आणि १९९० ला त्याला विमान चालवायला लावलं. कर्ज, मालकीणबाई, मालाची डिलिव्हरी, सगळं मोठ्यांचं. आम्ही दुसरी-तिसरीत होतो, सगळं कळत होतं. जुनं पात्र नव्यानं मांडायला त्याला लहानच करावं लागतं असं कुठंय? या एका मुद्द्यावर मी मंगळवारपेठीच्या बाजूनं.

दोन पोरांची आई
आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आपला फाफे, २०१७ च्या सिनेमात मोठा केला, तेव्हा कोण रडलं? शाळेतला फुरसुंगीचा पोरगा एकदम कॉलेजच्या वयाचा झाला. तेव्हा सगळे शिट्ट्या मारत होते. मोठं केलेलं चालतं, लहान केलेलं चालत न्हाई, हा कुठला न्याय?

मंगळवारपेठी
मी शिट्टी मारली नव्हती. मला तो शाळकरीच हवा होता. पण प्रश्न योग्य आहे, हे कबूल. फाफे मोठा झाल्यावरही गुन्ह्याच्या मागं धावत होता, त्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं नव्हतं, एवढंच उत्तर माझ्याकडं आहे. भीमाचं बघा. रांगणारा भीमही ताकदवान आहे, मान्य. पण ढोलकपूरवर संकट आलं की सगळं गाव ज्याच्याकडं धावत जातं, तो भीम कुठं गेला? हा फक्त लाडू शोधतो.

ताई, धाकट्याला दाखवा, माझं काही म्हणणं नाही. थोरला किती वर्षांचा? तोही तेच बघत असेल तर मात्र माझा विरोध कायम.

दोन पोरांची आई
थोरला सात वर्षांचा. धाकट्याबरोबर बसतो म्हणून बघतो. परवा विचारत होता, 'आई, ह्यो मोठा झाल्यावर कुणाकुणाला मारतो?' म्हंजे तुमचं थोडं खरं असेल, थोडंच. मग सात वर्षांच्या पोराला मोठा भीम, मोठा टॉम, ते टेलस्पिनचं अस्वल, काय दाखवायचं ते सांगा, दाखवतो. फक्त मराठीत कुठं मिळतंय ते पण त्याच्याबरोबर लिवा. नसेल मिळत तर तिसऱ्या गल्लीवाले दादा आणि बेंगळुरूवाले दादा परत भांडायला लागणार, आणि माझा थोरला सोफ्यावर बसून तेच बघत राहणार.

शाहूपुरी तिसरी गल्ली
बघा! म्हणून मी पहिल्यापासनं म्हणत होतो, भाषेचं आधी काढा.