गुलाबाच्या बिया फ्रिजमध्ये ठेवून रुजवायच्या आहेत, इंदूरच्या हवेत कसं जमवायचं? (सल्ला हवा)

गच्चीवाली_रामबाग
नमस्कार मंडळी. गच्चीवर नर्सरीतून आणलेला कलमी गुलाब आहे, लालसर गुलाबी. यंदा सुकलेली फुलं खुडली नाहीत, तर त्याला फळं धरली. बोराएवढी आहेत, हिरव्याची केशरी व्हायला लागलीत. घरचे म्हणतात, फांदी लाव, बी कसलं लावतेस! पण मला बीच लावून बघायचंय. बियांना आधी थंडी द्यावी लागते एवढं वाचलंय. फळ कधी तोडू, फ्रिजमध्ये किती दिवस ठेवू? रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) होऊन गेली, आता ऊन तापणार, मग पेरू कधी? शिवाय ऑनलाइन निळ्या गुलाबाच्या बियांचं एक पाकीट मागवलंय. तेही सोबतच ठेवलं तर चालेल का?

इंदूरी_पोहे
निळ्याचं पाकीट विसरा ताई. गुलाबात निळा रंग तयार करणारं द्रव्यच नसतं. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं घालून २००४ मध्ये एक 'निळा' गुलाब जाहीर केला आणि २००९ मध्ये तिथल्या बाजारात आणला. तोही दिसायला जांभळटच, आणि विकला तो कापलेल्या फुलांच्या रूपात. त्याच्या बिया शे-दीडशे रुपयांत घरपोच कशा येतील?

गच्चीवाली_रामबाग
अरे देवा. पैसे तर भरून झालेत. 😑

खुंट_आणि_डोळा
आलंच पाकीट तर वेगळ्या कुंडीत पेरून गंमत बघा. गुलाबाची पहिली दोन पानं साधी, लंबगोल असतात, त्यावरून काही कळत नाही. खरी ओळख त्यानंतरच्या पानाला. कडा करवतीसारखी दातेरी असेल तर पुढे बोलू.

आता तुमच्या फळांकडे. आधी एक तपासा: फळं धरलेली फांदी कलमाच्या जोडाच्या वरून फुटलीय की खालून? खालून असेल तर तो खुंटाचा (ज्या जंगली गुलाबावर कलम बांधतात त्याचा) फुटवा, आणि बियाही त्या जंगली गुलाबाच्याच. तिथली फुलं बहुधा लहान आणि झुपक्याने येतात.

फळ पूर्ण केशरी किंवा लाल होईपर्यंत झाडावरच राहू द्या. फूल गळल्यापासून साधारण तीन-चार महिने लागतात. चिरताना हातमोजे घाला, आत बारीक कुसं असतात, बोटांना चांगलीच खाज सुटते. बिया फिकट, कोनेदार, टणक निघतील. गर अजिबात ठेवू नका. चाळणीत चोळून स्वच्छ धुवा, कारण गरातच उगवण रोखणारी द्रव्यं असतात. तशीच ती बीच्या आवरणातही असतात, आणि ओलावा व थंडी बराच काळ एकत्र मिळाली की त्यांचा जोर ओसरतो. म्हणून ओलावा हवाच. कोरड्या बिया वर्षभर फ्रिजमध्ये ठेवल्या तरी सुप्तावस्था मोडत नाही.

निवांत_आजोबा
वर सगळं बरोबर आहे, पण इंदूरकरांसाठी खरा प्रश्न वेळेचा. आत्ता भिजवून ठेवल्यात तर बिया ऐन मे-जूनमध्ये जाग्या होतील. चाळिशीच्या उन्हात तो कोवळा कोंब टिकायचा नाही, आणि गरमी फार झाली तर न उगवलेली बी पुन्हा झोपी जाते ती वेगळीच. तेव्हा आत्ता धुवून सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत घालून थंड जागी ठेवा.

माझा हिशेब पंचांगाचा. गणपती बसले की बिया भिजवायच्या आणि तुळशीचं लग्न लागलं की पेरायच्या. मधे साधारण साडेनऊ आठवडे मिळतात. सहा ते बारा आठवडे थंडी लागते, त्यात हे चपखल बसतं. पेरणीला नोव्हेंबर लागलेला असतो, माळव्यातल्या रात्री गार झालेल्या असतात. रुजायला १५ ते २० अंश पुरे.

गच्चीवाली_रामबाग
आजोबा, हे लक्षात ठेवायला फारच सोपं! पण फ्रिजमध्ये नेमकं कसं ठेवायचं? बुरशीची भीती वाटते.

निवांत_आजोबा
दिवसभर पाण्यात भिजवा. मग टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये. त्यावर बिया पसरा, घडी करा, झिपच्या पिशवीत घालून वर तारीख लिहा. भाजीच्या कप्प्यात ठेवा, तिथे ४-५ अंश असतं. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही, भिजलेली बी गोठून मरते. दर आठवड्याला उघडून बघा. बुरशी दिसली तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं पाणी घालून वापरा, बिया त्यात धुऊन नव्या कागदात ठेवा. काही बिया फ्रिजमध्येच पांढरं मूळ काढतात. त्या लगेच पेरायच्या, मूळ खाली करून, साधारण एक सेंटिमीटर खोल.

इंदूरी_पोहे
पाण्यात तरंगणाऱ्या बिया फेकून द्या, पोकळ असतात.

खुंट_आणि_डोळा
याला माझा विरोध. तरंगणारीही कधीकधी उगवते. वेगळ्या पुडीत ठेवा, जागा कितीशी लागते!

आणि ताई, एक अपेक्षा आधीच सोडा. रोप आईसारखं निघणार नाही. एकाच फळातल्या दोन बियांची फुलंही वेगळी निघतात. हुबेहूब तोच गुलाब हवा असेल तर घरचे सांगतात ते खरं, फांदी लावा किंवा डोळा भरा (त्याची कळी दुसऱ्या खुंटावर बसवा). पण नवीन जात निघते ती बियांतूनच. कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल यांनी गव्हावर काम करता करता गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या, त्या अशाच संकरातून. निम्म्याहून कमी बिया उगवल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. तुमचा गुलाब बारमाही फुलणारा असेल, तर रोप वीतभर होण्याआधीच एखादी चिमुकली कळी धरू शकतं. त्या फुलावरून मत बनवू नका, पाकळ्या पुढे वाढतात.

देवासकर_वहिनी
मधेच विचारते, पेरायला शेतातली काळी माती चालेल का? आमच्याकडे तीच भरपूर आहे.

निवांत_आजोबा
बी पेरायला नको वहिनी. ती पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं-निम्मं घ्या, पाणी ट्रेच्या खालून द्या. चार-पाच खरी पानं आली की कुंडीत हलवताना काळी माती, शेणखत आणि वाळू मिसळा, तिथे ती उत्तम.